उजवीकडचं स्टूल

१

दुपारची कॉफी झाली की वालबुर्गा पियानोला बसे. नवरा होता तेव्हा बसे आणि नवरा गेल्यावरही बसे. कप विसळायचे, हात कोरडे करायचे, अंगठी काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवायची आणि डावीकडच्या स्टुलावर बसायचं.

उजवीकडचं स्टूल इग्नाट्सचं. सगळा संसार त्या दोघांनी एकाच पियानोवर शेजारी बसून चार हातांनी वाजवला. बारीक सुरांची वरची बाजू त्याची. भरदार सुरांची खालची बाजू तिची. पायाखालचं पेडलही तिचंच, कारण खालची बाजू वाजवील त्यानं पेडल सांभाळायचं हा सगळ्या व्हिएन्नाचा रिवाज. कागद उघडले की डावं पान तिचं आणि उजवं पान त्याचं.

वालबुर्गा रीडल ही व्हिएन्नाच्या लेर्शनफेल्ड पेठेतल्या पाववाल्याची लेक. शाळा पाहिली ती लिहिता-वाचता येण्यापुरती. पण ती ज्या काळात जन्मली त्या काळाचा तिला माज होता आणि तो ती लपवत नसे. तिच्या आजोबांच्या वेळी संगीत म्हणजे सरदारांच्या ताटाशेजारचं तोंडीलावणं होतं. वाजवणाऱ्यानं नोकराचा डगला घालायचा आणि धन्याचं जेवण उरकलं की थांबायचं. आता बघा. आता माणूस स्वतःच्या जिवातलं लिहीत होता. रात्र, रान, वादळ, गेलेलं माणूस, न मिळालेली बाई, सगळं सुरात उतरत होतं. शंभर वाजवणाऱ्यांची सिंफनीसुद्धा चार हातांची होऊन पाववाल्याच्या घरात येत होती. पीठ मळून मळून घट्ट झालेल्या हातांनी वालबुर्गानं ती वाजवली होती, आणि कुणा सरदाराचं ताट उचलायची वाट बघितली नव्हती.

इग्नाट्सचं नाव झालं ते त्याच्या रात्रगीतांनी. शांत, हळू, काळीज पिळणारे तुकडे. त्याला चाल सुचायची. खाली काय चालावं ते त्याला कधी सुचायचं नाही. ते वालबुर्गा वाजवायची आणि तो लिहून घ्यायचा. छापताना वर एकच नाव यायचं. तिनं एवढी वर्षं ते चालवून घेतलं, कारण तो जवळ बसलेला असायचा आणि त्याला ठाऊक असायचं.

आता तो जवळ नव्हता.

२

त्याच्या मातीनंतर घरी जेवण झालं तेव्हा नणंद क्रेसेन्स पियानोचं झाकण लावायला गेली. क्रेसेन्स इग्नाट्सची थोरली बहीण, बिनलग्नाची, त्यांच्याच घरात राहणारी, जिभेनं तिखट.

"वर्षाची प्रार्थना होईपर्यंत बंद असू दे, वहिनी. आमच्यात तसंच करतात."

"हात लावू नका, वन्सं," वालबुर्गा म्हणाली. "ह्या घरातला पियानो कुणाच्या मरणानं बंद पडायचा नाही."

"आणि वाजवणार कोण? तू एकटी? अर्धी गाडी हाकणार?"

पाहुणे ऐकत होते. वालबुर्गाला ते 'अर्धी' झोंबलं. ती सगळ्यांदेखत, जरा चढ्या आवाजात म्हणाली, "वरच्या बाजूला कुणीही येऊन बसू दे. खालची माझी आहे. ती माझ्यासारखी ह्या शहरात कुणी वाजवत नाही."

आणि त्याच संध्याकाळी ती वाजवायला बसलीसुद्धा. पाहुण्यांपैकी काहींना ते बरं वाटलं नाही. तिला त्यांचं काही वाटलं नाही.

३

पानगळ सुरू झाली. एक दिवस ती वाजवून उठली आणि फडक्यानं पट्ट्या पुसायला लागली. खालून वर. हस्तिदंताच्या पट्ट्या जिथे तिनं वाजवलं तिथे कोमट होत्या. मध्ये गार झाल्या. ज्या पट्ट्यांना कुणी शिवलं नव्हतं त्या गारच असायच्या. आणि मग वरच्या टोकाला फडकं गेलं, आणि त्या पुन्हा कोमट लागल्या.

तिनं फडकं बाजूला ठेवून उघड्या बोटांनी बघितलं. कोमट. एखाद्यानं नुकताच हात उचलावा तशा.

ऊन असेल. पण खिडकी उत्तरेची, तिथून ऊन कधी येत नाही. शेगडी असेल. पण शेगडी डावीकडे, तिच्या पाठीशी. तिनं शेगडीवर हात धरला, पट्ट्यांवर धरला, पुन्हा शेगडीवर धरला. शेवटी ती स्वतःशी म्हणाली, 'बाई, हात तुझेच गरम आहेत, त्यानं काय कळणार,' आणि स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं आधी हात गार पाण्यात बुडवले, मग वाजवलं, मग बघितलं. वरच्या पट्ट्या कालच्यापेक्षा गरम होत्या.

क्रेसेन्सला तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'म्हटलं होतं ना' ऐकावं लागलं असतं, आणि ते ऐकण्यापेक्षा वालबुर्गाला काहीही परवडलं असतं.

४

इग्नाट्स जाताना एक फँटसी, मोकळ्या बांधणीची रचना, अर्धी टाकून गेला होता. चार हातांची, मोठी, त्यानं आजवर लिहिलेल्या सगळ्यांहून धीट. तिची डावी पानं शेवटपर्यंत भरलेली होती, कारण वालबुर्गानं खालची बाजू आधीच वाजवून दिली होती. उजवी पानं मध्यावर थांबली होती. पुढे नुसत्या रेघा.

प्रकाशक ब्रूनेडर आला तो हळहळत आला आणि कामाचं बोलून गेला. "बाईसाहेब, वरची बाजू प्राध्यापक वाइनकोप्फ पुरी करतील. मोठं नाव आहे. 'इग्नाट्स रीडल, पूर्ती वाइनकोप्फ.' हातोहात जाईल."

"आणि मी?"

"तुम्ही काय, बाईसाहेब?"

"खालचं सगळं माझं आहे. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. अक्षर त्याचं आहे, सूर माझे आहेत."

ब्रूनेडर हसला. वाईट हसला नाही, लहान मुलाकडे बघून हसतात तसा हसला, आणि तेच वाईट. "असं प्रत्येक घरातली बाई म्हणते."

"मग प्रत्येक घरात जाऊन विचारा ना. शनिवारी दुपारी या. तुमच्या त्या प्राध्यापकालाही आणा. मी वाजवते. तुम्हीच ठरवा ती फँटसी कुणाची आहे. माझी ठरली तर माझं नाव येईल."

"आणि नाही ठरली तर?"

"तर न्या पानं. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

तो गेल्यावर क्रेसेन्स दाराशी उभीच होती. "वरचं वाजवणार कोण त्या दिवशी? अर्धं ऐकवून नाव मागणार?"

"तुम्ही वाजवा. जेवढं लिहिलंय तेवढं. पुढे मी एकटी बघेन."

"माझी बोटं झाडूच्या काड्या झाल्यात, वहिनी."

"काड्या तर काड्या. बसा."

क्रेसेन्स पुटपुटत आली आणि उजवीकडच्या स्टुलावर बसली. बसली आणि विस्तव लागावा तशी उठली. स्कर्ट मागून झटकत ती पार खोलीच्या मध्यापर्यंत गेली.

"काय झालं?"

"काही नाही."

"वन्सं."

"कुणाच्या तरी मांडीवर बसले मी," क्रेसेन्स म्हणाली. ती हे मस्करीत म्हणत नव्हती. "मला पुन्हा बस म्हणू नकोस. त्याला म्हण, तुझं ऐकत असेल तर."

वालबुर्गानं स्टुलाकडे बघितलं. मखमलीची गादी, मधे इग्नाट्सच्या वजनानं पडलेला खळगा. नेहमीचाच. तिनं त्यावर हात ठेवून बघितला असता तर शंका फिटली असती. तिनं ठेवला नाही.

५

मग ती स्वतःला समजवायला लागली. आणि समजवता समजवता तिला बरं वाटायला लागलं, ही खरी गोष्ट.

तो आहे, असं तिनं मानलं. आपलं माणूस आहे, आपल्या स्टुलावर आहे, त्याला भ्यायचं कशाला? अर्धवट टाकलेलं काम जिवाला लागलं असेल. इतरांचे नवरे मेल्यावर थडग्यात पडून राहतात, माझा कामाला बसतो. तिला अभिमानच वाटला. भांडी घासताना ती गुणगुणायला लागली तशी क्रेसेन्सनं तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनं चर्चमध्ये शिंक दिली.

त्या फँटसीत एक जागा होती. वरच्या वाजवणाऱ्याचा डावा हात खालच्याच्या उजव्या हाताखालून सरकतो आणि एक खोल सूर घेऊन परत जातो. त्यासाठी वालबुर्गानं नेमकं मनगट उचलायचं. लग्न ठरायच्या आधी इग्नाट्सनं तिच्यासाठी असल्या जागा मुद्दाम लिहिल्या होत्या, कारण आईबापांदेखत हाताला हात लागायची दुसरी सोय नव्हती. आणि असल्या जागांना इग्नाट्स नेहमी उशिरा यायचा. एवढी वर्षं उशिरा. आला की पुटपुटायचा, "माफ कर, बाई."

गुरुवारी ती एकटीच वाजवत होती. त्या जागेला आली आणि मनगट उचलायला विसरली.

खालून काहीतरी येऊन तिच्या तळहाताला थडकलं. हळूच. मग थांबून राहिलं, तिनं हात उचलायची वाट बघत. तिनं उचलला. सूर लागला. खोल, गोल, पुरा.

ती शेवटपर्यंत वाजवत गेली, कारण मध्येच सोडायची तिला सवय नव्हती. मग हात मांडीवर घेऊन बसली. बाहेर जिन्यातल्या सामायिक नळावर कुणी बादली भरत होतं, पाण्याचा आवाज वर वर चढत गेला आणि थांबला.

हातावरची कातडी शहारली होती. पण तिला त्याचं काही नव्हतं. तिला दुसरंच काहीतरी टोचत होतं आणि ते काय हे तिला बादली उचलून नेल्याच्या आवाजावर उमगलं.

तो हात उशिरा आला नव्हता.

६

शनिवारी ती काळ्या पोषाखात, केस घट्ट बांधून बसली. घेरदार स्कर्ट तिच्या स्टुलावरून ओघळून उजवीकडच्या स्टुलाला टेकला होता. तो तिनं गोळा करून डावीकडे घेतला. ब्रूनेडर मागे खुर्चीत, त्याला तिची पाठ तेवढी दिसे. प्राध्यापक वाइनकोप्फ उजव्या कडेला, पियानोच्या वळणाशी, मांडीवर कोरे कागद आणि हातात पेन्सिल. उंच, थकलेल्या डोळ्यांचा माणूस. तो शंभर वाजवणाऱ्यांच्या, गोष्टी सांगणाऱ्या लांबलचक रचना लिहायचा.

"हे छोटे तुकडे दिवाणखान्यात गोड वाटतात," तो सौम्यपणे म्हणाला. "पण अर्धं राहिलेलं पुरं करायला वेगळी ताकद लागते, बाई."

"छोट्याला पुरं करता येत नाही म्हणूनच माणसं लांबवतात," वालबुर्गा म्हणाली. ब्रूनेडर खोकला.

तिनं सुरू केलं.

पहिल्या पानाला खालची बाजू एकटीच चालली. मग लिहिलेल्या जागी वरची आली. तिनं उजवीकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं तिनं ठरवलंच होतं. ती आपली पानं वाचत होती, पेडल दाबत होती, सोडत होती, आणि शेजारून चाल येत होती, स्वच्छ, सरळ. मागे ब्रूनेडरची खुर्ची करकरली आणि नंतर करकरायची थांबली.

उजवं पान रिकामं झालं. चाल थांबली नाही. पुढे गेली. इग्नाट्सनं जिथे हात टेकले होते तिथून ती उतरली आणि अशा ठिकाणी गेली जिथे वालबुर्गा कधी गेली नव्हती. हे दुःख नव्हतं. दुःख तिला ओळखू येत होतं, सगळा जमाना दुःख लिहीत होता. हे त्याच्या पलीकडचं होतं. इथे रडणारं कुणी नव्हतंच. आणि तिची खालची बाजू त्याच्याखाली अशी चपखल बसत होती की जणू ती पहिल्यापासून ह्याच्यासाठीच बांधली होती. इग्नाट्ससाठी नाही. ह्याच्यासाठी.

तिला आनंद झाला. हे लपवण्यात अर्थ नाही. तिनं इतकं चांगलं आजवर वाजवलं नव्हतं.

तीच मनगट उचलायची जागा पुन्हा आली. तिनं उचललं, आणि नजर पानावरून घसरून समोरच्या काळ्या चकचकीत फळीवर गेली. फळीत तिचे हात दिसत होते, रुंद, पीठ मळलेले. त्यांच्या शेजारी आणखी दोन. त्यातला डावा तिच्या हाताखाली येत होता. इग्नाट्सची करंगळी लहानपणी मोडून वाकडी बसली होती. ही करंगळी सरळ होती. सगळीच बोटं सरळ होती, आणि पट्टी दाबतानाही ती वाकत नव्हती.

तिनं पानाकडे नजर परत नेली. शेवटपर्यंत वाजवलं. एकही सूर चुकला नाही.

७

ब्रूनेडर खुर्चीतून उठला. म्हणाला, "बाईसाहेब, दोन हातांत एवढं... तुम्ही केलंत कसं?"

वाइनकोप्फच्या मांडीवरचे कागद भरले होते. त्याचा कान तयार होता, हात वेगवान होता, सगळी वरची बाजू त्यानं उतरवली होती. तो पट्ट्यांच्या वरच्या टोकाकडे बघत होता. त्याचा चेहरा ओल्या पिठासारखा झाला होता.

"हे पुरं आहे," तो म्हणाला. "माझं नाव मी ह्याला लावणार नाही. मला काहीही दिलंत तरी." त्यानं कागद तिच्या हातात दिले, पट्ट्यांवरून हात न नेता, लांबून वळसा घालून. "तुम्ही थोर आहात, बाई. खिडकी उघडा जरा."

"मग रीडल आणि रीडल?" ब्रूनेडर म्हणाला. "वर इग्नाट्स, खाली तुमचं नाव. हेच हवं होतं ना तुम्हाला?"

हेच हवं होतं. ह्याच्यासाठी ती भांडली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण वालबुर्गानं आयुष्यात दुसऱ्याचं पीठ आपलं म्हणून विकलं नव्हतं, आणि नवऱ्याच्या नावावरही ती ते खपवणार नव्हती.

"इग्नाट्सचं नाव अर्ध्यापर्यंत," ती म्हणाली. "पुढचं त्याचं नाही."

"मुखपृष्ठावर अर्ध्यापर्यंत नाव लिहायची सोय नसते, बाईसाहेब."

"मग माझं एकटीचं लिहा. खाली मी आहे. वर कोण ते मी विचारलेलं नाही."

ब्रूनेडरला ही मस्करी वाटली. तो मान तुकवून हसला, त्यानं तिच्या हाताचं चुंबन घेतलं, आणि तिचं नाव छापायचं कबूल करून गेला. वाइनकोप्फ त्याच्याआधीच जिना उतरला होता. नळापाशी कुणाच्या तरी बादलीला त्याचा पाय लागल्याचा आवाज झाला.

वालबुर्गा खोलीतून निघून घरातल्या मागच्या बोळात एकटी उभी राहिली. वालबुर्गा रीडल. छापलेलं. शहरातल्या प्रत्येक घरात, प्रत्येक पियानोवर. पाववाल्याच्या लेकीचं नाव वाचल्याशिवाय पोरींना पान उघडता येणार नाही. तिची मान आपोआप ताठ झाली. भीती होती, पण ती खाली कुठेतरी होती, तळघरात ठेवलेल्या बटाट्यांसारखी. वर सगळा उजेड होता.

ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली. क्रेसेन्स पाठमोरी केक कापत होती.

"पुरे कर आता, वहिनी," क्रेसेन्स मागे न बघता जरा मोठ्यानं म्हणाली, बाहेरच्या खोलीत ऐकू जावं म्हणून. "दमलीस ना. लोक गेले. आता कुणाला ऐकवतेस?"

तेव्हा वालबुर्गानं ऐकलं.

बाहेरच्या खोलीत फँटसी चालू होती. फक्त खालची बाजू. भरदार, धीम्या चालीची, दर चौथ्या ठोक्याला किंचित जड. पेडल जरा उशिरा सोडायची तिची खोड, ज्यावरून इग्नाट्स तिला चिडवायचा, तीही होती. तिनं कान देऊन चूक शोधली. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या वाजवण्यात चुका शोधल्या होत्या आणि त्या नेहमी सापडल्या होत्या. एकही सापडेना.

क्रेसेन्स वळली. वालबुर्गाला दारात बघून तिच्या हातातली सुरी केकमध्येच राहिली. तिनं एकदा खोलीच्या दिशेनं बघितलं आणि एकदा वहिनीकडे.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. तिनं येऊन वालबुर्गाचा दंड धरला. "वहिनी, माझं ऐक, जिन्यानं खाली जाऊ. आत्ताच्या आत्ता. नाव मिळालं ना तुला, आता चल."

"त्या नावाचं काय करू, वन्सं," वालबुर्गा म्हणाली, "माझं वाजवणं दुसरं कुणी बसून वाजवत असेल तर?"

तिनं क्रेसेन्सचा हात सोडवला. बोळातून चालत गेली. दार अर्धं उघडं होतं, तिनं ते पुरं उघडलं.

डावीकडच्या स्टुलावर कुणीतरी पाठमोरं बसलेलं होतं. रुंद पाठ, काळा पोषाख, घट्ट बांधलेले केस. खांदे सरळ, जसे तिचे असायचे. बाकी खोलीत काही बदललेलं नव्हतं.

"ऊठ," वालबुर्गा म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. "ती जागा माझी आहे."

वाजवणं थांबलं नाही. मान वळली नाही. फक्त, उशिरा आलेल्या माणसाला बसायला जागा करून द्यावी तसा त्या पाठीच्या उजवीकडचा स्कर्ट अलगद गोळा झाला, आणि शेजारचं स्टूल मोकळं झालं.